पाहुण्यांना काय दाखवावे? गोवर्धनची जुनी ठेव-पावती

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'नाशिकमधील प्रेक्षणीय स्थळे' या विषयावर काहीतरी लिहून द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मी लगेच हो म्हटले. विषय सोपा वाटला. गेली पंचवीस वर्षे आपल्या प्रत्येकाच्या घरी पाहुणे येताहेत आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता "इथे बघण्यासारखं काय आहे हो?" असे विचारताहेत. आपले उत्तरही ठरलेले असते. पहिल्या दिवशी रामकुंड, काळाराम, सीतागुंफा. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर. तिसऱ्या दिवशी वणी नाहीतर शिर्डी. पाहुणे तरुण असले तर संध्याकाळी सुला.

ही यादी चुकीची नाही. काळारामाला जाल तेव्हा पाहुण्यांना एवढे जरूर सांगा की सरदार ओढेकरांनी बांधलेले हे काळ्या दगडाचे मंदिर जितके रामाचे आहे, तितकेच ते २ मार्च १९३० या तारखेचेही आहे. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षे नेटाने चालवला. नुसता नमस्कार करून बाहेर पडलो तर ही गोष्ट राहून जाते. गोदाकाठी नारोशंकराची घंटा आणि दुतोंड्या मारुती दाखवा. पूर किती आला हे नाशिककर अजून त्या मारुतीवरूनच मोजतात, हे ऐकून बाहेरचे लोक चकित होतात.

पण मला सांगायचे आहे ते आपल्या रस्त्याविषयी. अशोकस्तंभापासून निघणाऱ्या या गंगापूर रोडवर आपण रोज भाजी आणतो, नातवंडांना शाळेत सोडतो, पण तो कुठून कुठे जातो याचा विचार करत नाही. वाटेत आनंदवल्ली लागते. राघोबादादांनी पत्नी आनंदीबाईंच्या नावावरून या गावाला हे नाव दिले. पुढे गंगापूर. तिथे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उत्तरायुष्यात राहत होत्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्यांची आई गोपिकाबाई, आणि त्या खुनासाठी 'ध'चा 'मा' केल्याचा ठपका लोकांनी जिच्यावर ठेवला ती चुलती आनंदीबाई. या दोघी जावांची नावे एकाच रस्त्यावर, जेमतेम काही मैलांच्या अंतराने आहेत. सोमेश्वरचा धबधबा बघायला जाणाऱ्या पाहुण्यांना गाडीतच ही गोष्ट सांगितली तर वाट कशी सरते कळत नाही.

गंगापूरला लागूनच गोवर्धन आहे. सुलाची वायनरी साधारण आपल्या सोसायटीच्याच वयाची, आणि ती या गोवर्धनच्या शिवारात. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग तिकडे जाते. त्या गाड्यांतल्या फारच थोड्यांना माहीत असते की एकोणीसशे वर्षांपूर्वी गोवर्धन हे एक मोठे शहर होते आणि तिथल्या विणकरांकडे लोक मुदत ठेवी ठेवत होते. मुदत ठेवी म्हणणेही बरोबर नाही, कारण मुदतच नव्हती. कायमच्या ठेवी. त्या ठेवीची पावती आजही जागेवर आहे. मात्र ती बघायला गोवर्धनला नाही, तर मुंबई-आग्रा महामार्गावर पांडवलेण्यांत जावे लागते.

पांडवलेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही. त्रिरश्मी डोंगरावरची ही चोवीस बौद्ध लेणी. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावे म्हणून राजांनी, व्यापाऱ्यांनी, सामान्य गृहस्थांनी ती खोदवून दिली. दहाव्या क्रमांकाचे लेणे उषवदाताचे. हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई. त्याच्या बायकोचे नाव दक्षमित्रा, आणि तिने दान दिलेल्या खोलीवर तिचे नाव वेगळे कोरलेले आहे. म्हणजे एकोणीसशे वर्षांपूर्वी जॉइंट खाते नव्हते, बाईंचे खाते स्वतंत्र होते!

या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने पुस्तक हातात धरून मला तो वाचून दाखवला. तोपर्यंत मी तिथे तीन-चारदा गेलो होतो आणि खांबांवरचे प्राणी बघून परत आलो होतो. लेखाचा आशय थोडक्यात असा. वर्ष ४२, वैशाख महिना. उषवदाताने हे लेणे संघाला दिले. शिवाय तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडायची ठेव दिली. ही रक्कम गोवर्धनमधल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे गुंतवली. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा दर शेकडा एक या व्याजाने. एक हजार विणकरांच्या दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा दर शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी. एक हजारांच्या व्याजातून त्यांचा किरकोळ खर्च.

भाचा पुढे वाचत होता, आणि मी बँकेत ३६ वर्षे काढलेला माणूस, माझे डोके आपोआप आकडेमोड करू लागले. दोन हजारांवर महिना एक टक्का म्हणजे वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजे दोनशे चाळीस. पैचाही फरक नाही! मी तिथेच ओसरीवर बसलो. भाच्याला वाटले मला चढण्याचा दम लागला. पण सांगतो, मार्चअखेरीस रात्री दोन वाजता ताळेबंद जुळला की जे वाटायचे, अगदी तेच मला त्या दगडासमोर वाटले.

नीट बघा, या लेखात आजच्या ठेव-पावतीतले सगळे आहे. ठेवीदार कोण, रक्कम किती, कोणाकडे, दर काय, व्याज कोणाला आणि कशासाठी. रक्कम दोन ठिकाणी विभागून ठेवली आहे. आणि शेवटी म्हटले आहे की हे सर्व निगमसभेत जाहीर वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदवले. म्हणजे गावासमोर वाचन, दप्तरात नोंद आणि वर दगडात नक्कल. राजाचा जावई होता, त्याला कोण विचारणार होते? तरी त्याने हे केले. त्याच लेखात एका दुसऱ्या दानासंदर्भात ३५ कार्षापणांचे एक सुवर्ण, असा नाण्यांचा भावही नोंदवून ठेवला आहे.

इथे एक गोष्ट कबूल करतो, जी आजवर घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. सोसायटी सात-आठ वर्षांची असताना मी खजिनदार होतो. तेव्हा एक पतसंस्था बँकेपेक्षा अडीच टक्के जास्त व्याज देत होती. मी मुलीच्या लग्नासाठी साठवलेले दोन लाख तिथे ठेवले. बँकेत काउंटरपलीकडे बसून लोकांना "जास्त व्याजाच्या मागे लागू नका" असे सांगणारा मी! एवढ्यावर थांबलो नाही, सोसायटीचा सिंकिंग फंडही तिकडे हलवावा असे मीच कमिटीत सुचवले. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या एक सभासद भगिनी, निवृत्त शिक्षिका, एवढेच म्हणाल्या, "भाऊ, ते जास्त व्याज का देतात, ते आधी सांगा. आणि फंड तिथे ठेवणं नियमात बसतं का, तेही सांगा." दोन्हींपैकी एकाचेही उत्तर माझ्याकडे नव्हते. विषय तिथेच संपला. मला थोडा रागही आला होता.

वर्ष-दीड वर्षात त्या पतसंस्थेच्या दाराला कुलूप लागले. ठेवीदारांच्या रांगेत मी उन्हात उभा राहिलो. पुढे काही वर्षांत हप्त्याहप्त्याने निम्म्याहून कमी रक्कम हाती आली. मुलीचे लग्न पीएफवर कर्ज काढून केले. सोसायटीचा एक रुपया बुडाला नाही, त्याचे श्रेय माझ्या पदवीला किंवा नोकरीला नाही, त्या बाईंच्या दोन प्रश्नांना आहे. त्या आज आपल्यात नाहीत. त्यांच्या हयातीत मी त्यांना हे कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

पुन्हा लेण्यांकडे वळतो. नहपानाचे राज्य टिकले नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सगळी नाणी नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. म्हणजे सरकार बदलले, नोटा बाद न करता त्यावर नवा शिक्का मारला!

या गौतमीपुत्राचे आदेश तिसऱ्या लेण्यात आहेत. त्याच्या १८ व्या वर्षी तो गोवर्धनच्या अमात्याला कळवतो की काखडी गावातले पूर्वी उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तने शेत भिक्षूंना दिले आहे. २४ व्या वर्षी दुसरा आदेश, राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने. काखडीचे शेत कसले जात नाही, गावही ओस पडले आहे, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातले शंभर निवर्तने द्यावे. आमच्या भाषेत सांगायचे तर कर्ज थकीत झाले आणि निम्म्यावर तडजोड झाली. पण तेही लपवले नाही, दगडात कोरले. दिलेले दान कामाचे निघाले नाही, हे कबूल करणारे किती राजे तुम्हाला माहीत आहेत?

आणखी काही पिढ्यांनी, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी, विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी अशीच कायमची ठेव गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवली. कुंभारांकडे एक हजार, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे दोन हजार, शिवाय तेल्यांच्या श्रेणीकडेही. म्हणजे राजवटी बदलल्या, तरी गोवर्धनच्या कारागिरांवरचा विश्वास टिकला होता. आता आपले वय झाल्यावर मेडिक्लेमच्या हप्त्याची चौकशी करताना मला या विष्णुदत्ताबाईंची हटकून आठवण येते.

पैशाच्या इतिहासात नाशिकचे नाव तिथेच थांबत नाही. १९२८ पासून नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापल्या जात आहेत. ती बघायला अर्थातच सोडत नाहीत. पण अंजनेरीच्या पायथ्याशी १९८० मध्ये स्थापन झालेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे. नातवंडांना मी तिथे नेले होते, तेव्हा क्षत्रपांची नाणी पाहून मोठा म्हणाला, "आजोबा, एवढंसं?" एवढेसेच होते ते, पण एकोणीसशे वर्षे टिकले. त्र्यंबकला जाताना वाटेवर आहे. जाण्यापूर्वी चौकशी करून जावे.

लेण्यांना जायचे तर सकाळी लवकर निघा. पायऱ्या दोनशेच्या आसपास, गुडघे दुखत असतील तर मध्ये दोनदा बसा, लाज वाटून घेऊ नका. टोपी आणि पाणी न्या, माकडांपासून पिशवी जपा. आधी तिसरे लेणे, मग दहावे, मग अठराव्याचे चैत्यगृह पाहा. परत आल्यावर दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी पाहुण्यांना गोवर्धनला न्या. तिथे पाहण्यासारखे जुने शहर काही उरलेले नाही. नदी आहे, शेते आहेत, द्राक्षबागा आहेत. पण सकाळी दगडात वाचलेले नाव संध्याकाळी रस्त्यावरच्या पाटीवर दिसले की पाहुणा गप्प होतो. माझा अनुभव आहे.

आता आपल्या इमारतीला पंचवीस वर्षे झाली. गच्ची गळते, लिफ्ट कुरकुरते, प्लंबिंग बदलायचे आहे. गेल्या वार्षिक सभेत सिंकिंग फंडाचा विषय निघाला आणि आवाज चढले. दरवर्षी बांधकाम खर्चाच्या पाव टक्का भरून आपण तो साठवला आहे. उषवदाताची ठेव मोडायची नव्हती, आपला फंड गरजेला वापरण्यासाठीच आहे. तो वापरायला माझी हरकत नाही. विनंती एवढीच की नियम बघून वापरा, सर्वांसमोर वाचून दाखवा, दप्तरात लिहा, आणि कुणी "का?" असे विचारले तर रागावू नका. मी रागावलो होतो, म्हणून सांगतो.

दगडात कोरण्याची गरज नाही. नोटीस बोर्ड पुरे.