सहकुटुंब मुंबईत : मुक्काम पार्ल्यात की बोरिवलीत?

मुंबईत सहकुटुंब येणाऱ्यांनी मुक्कामाचे उपनगर निवडताना भाड्याआधी लोकलची गर्दी ध्यानात घ्यावी. सकाळी चर्चगेटकडे आणि सायंकाळी विरारकडे जाणाऱ्या गाड्यांत लहान मुले व ज्येष्ठांना घेऊन चढणे धोक्याचे ठरते. विलेपार्ले विमानतळालगत असून जुहू चौपाटीही जवळ आहे. मात्र बहुतेक जलद लोकल तेथे थांबत नाहीत, त्यासाठी अंधेरी गाठावे लागते. बोरिवलीहून चर्चगेट सुमारे ३४ किलोमीटर दूर. परंतु तेथूनच सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळण्याची शक्यता अधिक. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व त्यातील कान्हेरी लेणीही याच उपनगरात. दक्षिण मुंबईत रोजचे काम असल्यास पार्ले, मुलांसह निवांत सहल असल्यास बोरिवली सोयीचे. दोन्हीकडून सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत प्रवास करणे हिताचे.