बारवेच्या पाण्यातला एकाक्ष

तुम्ही मराठवाड्यातल्या अर्धापुरात आहात. समोर काचेची टाकी, तिच्यात गप्पी मासे, तळाशी थोडा गाळ. काचेला धरलेल्या शेवाळालगतचं पाणी ड्रॉपरनं ओढा आणि खोलगट काचपट्टीवर एक थेंब सोडा. कापसाचे दोन-चार तंतूही टाका, नाहीतर आतलं जनावर एका जागी ठरायचं नाही. आधी सगळ्यात कमी ताकदीचं भिंग लावा. घाईनं मोठं भिंग लावणाऱ्यांना नुसतं हिरवं धुकं दिसतं आणि ते ‘यात काहीच नाही’ म्हणून उठतात.

गप्पींच्या तावडीतून सुटलेली एक मादी तुमच्या थेंबात आली आहे. पुढं रुंद, मागं निमुळतं अंग. डोक्याच्या मधोमध एकच तांबूस डोळा. शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांची एकेक पिशवी. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. झटका देऊन उडते, थबकते, पुन्हा उडते, शेवटी कापसात अडकते. अंग इतकं पारदर्शक, की आतड्याची हालचालही दिसते. हा सायक्लॉप.

डोळा भिंगालाच ठेवा. आजूबाजूचा उन्हाळा निघून जातो, खिडकीतून थंड उजेड येतो. साल 1674, हॉलंडमधलं डेल्फ्ट. लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी जवळच्या तळ्याचं हिरवट पाणी घेऊन बसला आहे. त्याचं भिंग ज्वारीच्या दाण्याहून लहान, पितळी पट्टीत बसवलेलं. ते डोळ्याला अगदी भिडवून बघावं लागतं. आत हिरवे वळसे आणि पळणारे सूक्ष्म जीव. तो हे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवतो. आपली सगळ्यात चांगली भिंगं मात्र तो कुणाला दाखवत नाही. तुम्हालाही दाखवणार नाही, पुढं चला.

1870 च्या सुमारास मध्य आशियातल्या तुर्केस्तानात फेदचेन्को हा रशियन अभ्यासक सायक्लॉपच्या पोटात बघतो. आत नारू या कृमीची अळी वळवळते आहे. माणसाच्या पायातून निघणाऱ्या हातभर दोऱ्याचा माग या एका डोळ्याच्या जनावरापाशी लागतो. पुढं 1910 च्या दशकात मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत डॉ. तुर्खुड याच साखळीवर काम करतात. तिथं रेंगाळू नका, कारण तुम्हाला गावाकडं परतायचं आहे.

1984 चा मे. मराठवाड्यातल्या एका पायऱ्यांच्या बारवेत तुम्ही उतरता आहात. पाणी तळाला गेलंय. वरच्या पायऱ्या तापलेल्या, खालच्या शेवाळानं निसरड्या. बाया थेट पाण्यात उभ्या राहून घागरी बुडवतात. एक माणूस लंगडत येतो, खालच्या पायरीवर बसतो आणि पाय पाण्यात सोडतो. घोट्यावरचा फोड आगीसारखा जळतोय, पाण्यानं तेवढाच थंडावा. फोड फुटलेला आहे, त्यातून पांढरा दोरा डोकावतोय आणि पाणी लागताच नारूची मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. सायक्लॉप त्या गिळतो. साधारण दोन आठवड्यांत अळी त्याच्या पोटात तयार होते. मग तो सायक्लॉप घागरीत, घागरीतून तांब्यात, तांब्यातून पोटात. वर्षभर काहीच कळत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाय सुजतो.

या माणसाच्या नारूचं टोक काडीला गुंडाळलेलं आहे. रोज थोडी थोडी काडी फिरवायची, कधी कधी महिनाभर. ओढताना तुटला, तर पाय पिकतो. हंगामातच माणूस अंथरूण धरतो, पेरणी राहते.

वर झाडाखाली आरोग्य खात्याच्या माणसानं सूक्ष्मदर्शक मांडला आहे. एक आजी वाकून बघते आणि झटकन मागं सरते.

‘अगं बाई, हे तर वळवळायलंय! हे पितोत व्हय आमी?’

‘आजी, दुहेरी फडक्यानं गाळा. हे फडक्यातच राहतंय.’

त्या दिवशी त्या झाडाखाली कुणी लांब भाषण दिलं असतं, तर आजी उठून गेली असती. बघितल्यावर तिनं पदर चाचपून त्याचं कापड किती दाट आहे हे पाहिलं. माझ्या मते तो सूक्ष्मदर्शक दहा भिंतीपत्रकांपेक्षा कामाचा होता.

पुढची कामं साधीच, पण चिकाटीची. विहिरीत टेमेफॉस टाकून सायक्लॉप मारायचे, पायऱ्या बंद करून रहाट बसवायचा, हापसे घ्यायचे, नारूच्या रोग्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही, आणि घरोघरी फडकं. नारूवर औषध नव्हतं, लसही नव्हती. आजही नाही.

टाकीपाशी परत या. कापसात अडकलेली मादी निर्दोष आहे, हे लक्षात घ्या. अळी नसलेला सायक्लॉप गिळला तरी नारू होत नाही. व्हिएतनाममध्ये तर तिच्याच भाऊबंदांना पाण्याच्या हौदांत मुद्दाम सोडलं गेलं, डेंग्यूच्या डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून, आणि त्यांनी त्या खाल्ल्या.

भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त जाहीर केला. 1986 साली जगभरात अंदाजे 35 लाख माणसांना हा रोग होता. 2024 मध्ये नोंदलेले रुग्ण 15.