'ॲबॉलिशन' म्हणजे 'ॲनिहिलेशन' नव्हे!

"आता जात राहिलीच कुठे? संविधानाने जातिव्यवस्था रद्द केली ना? मग आरक्षण कशाला?" कॉलेजच्या कट्ट्यापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हा प्रश्न फेकला जातो आणि आपले काही तरुणही त्यावर गप्प होतात. मित्रांनो, हे विधानच मुळात चूक आहे. संविधानाच्या कलम १७ ने नष्ट केली ती अस्पृश्यता. जात रद्द झाली, असे संविधानात कुठेही लिहिलेले नाही.

या कलमाच्या इंग्रजी शीर्षकात 'ॲबॉलिशन' हा शब्द आहे. बाबासाहेबांच्या १९३६ च्या ग्रंथाच्या नावात मात्र 'ॲनिहिलेशन' आहे. मराठीत दोन्हींना 'निर्मूलन' म्हणून आपण मोकळे होतो आणि घोळ तिथेच होतो.

'ॲबॉलिशन' म्हणजे सत्तेने किंवा कायद्याने एखादी प्रथा बंद करणे. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरीविरुद्ध केलेल्या कायद्याच्या नावात हाच शब्द आहे. 'ॲनिहिलेशन'च्या पोटात 'निहिल' हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ 'काहीही नाही'. एखादी गोष्ट अशी संपवणे की तिचे काहीच शिल्लक राहू नये, असा त्याचा अर्थ. पहिले काम हुकमाने होते, दुसरे हुकमाने होत नाही.

हा फरक बाबासाहेबांनी पुस्तकात वाचला नव्हता, तो महाडला अनुभवला होता. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळेही खुले केले. कागदावर बंदी उठली. प्रत्यक्षात तळ्याचे पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ठरावाने दिलेले ठरावाने काढून घेता येते, हा महाडचा धडा आहे. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथेच मनुस्मृती जाळली गेली. आता घाव मुळावर होता.

१९३६ च्या परिषदेसाठी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. मंडळाला जात तोडायची होती, पण जातीला पावित्र्य देणाऱ्या धर्मशास्त्रांवरचा हल्ला झेपत नव्हता. भाषणात बदल करायला बाबासाहेबांनी साफ नकार दिला. परिषद रद्द झाली आणि न झालेले ते भाषण त्यांनी स्वतः छापले. सहभोजनाने जात जाणार नाही, आंतरजातीय विवाह हवेत आणि शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धाच संपली पाहिजे, हा त्याचा गाभा. म्हणून तिथे 'ॲनिहिलेशन' हाच शब्द शोभतो.

मग संविधानात 'ॲबॉलिशन' का? कारण कायदा वर्तनाला शिक्षा करू शकतो, मनातल्या उच्चनीचतेला नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने हे कलम स्वीकारले. ते अमलात आणायला १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा करावा लागला. तोही पुरला नाही, म्हणून १९८९ साली अ‍ॅट्रॉसिटी कायदा आला. जात संपली असती तर या कायद्याची गरजच काय होती?

म्हणजे 'ॲबॉलिशन' निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. कलम १७ नसते तर पाणवठ्यावर अडवणाऱ्याविरुद्ध आपण कोणत्या गुन्ह्याची तक्रार केली असती? पण ती लढाईची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

"दाखल्यावरची जात खोडा, जात जाईल" म्हणणाऱ्यांचा डाव इथे उघडा पडतो. दाखला ही जातीची नोंद आहे, जातीचे मूळ नाही. नोंद पुसल्याने अन्याय मोजण्याचे साधन तेवढे जाते. त्यांना एकच विचारा : घरातल्या लग्नाचे स्थळ शोधताना तुम्ही जात खोडता का? उत्तर 'नाही' असेल, तर 'ॲनिहिलेशन'चे काम अजून बाकी आहे. आणि हाच प्रश्न पोटजाती पाहून सोयरीक जुळवणाऱ्या आपल्या घरांनाही विचारावा लागेल.

जय भीम!