पस्तीस दिवस आणि त्यानंतर

नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा ज्या शहादा तालुक्यात येतं, तिथे दारूविरुद्धची एक मोठी जाहीर लढाई बायकांनी लढली. 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली, आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंतींचं नाव पाड्यापाड्यावर पोचलं, हिरावलेल्या जमिनी आणि सालदारांची मजुरी यांवर मोर्चे निघू लागले. त्या सभांना येणाऱ्या आदिवासी बायकांनी मग स्वतःचं दुखणं पुढे मांडलं. मजुरी वाढली तरी ती गुत्त्यात जाणार असेल आणि रात्री घरी मारच मिळणार असेल, तर वाढली काय नि न वाढली काय! त्या जथ्याने गुत्त्यांवर गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. चळवळींच्या अभ्यासकांनी या प्रकरणावर बरंच लिहिलं आहे.

एक गोष्ट मात्र त्या लढाईत राहून गेली, आणि ती राहणं साहजिकच होतं. मडकं फुटलं, पण प्यायल्याशिवाय ज्याचे सकाळी हात थरथरतात त्या माणसाचं काय करायचं? त्याला शिक्षा करायची, घराबाहेर काढायचं की औषध द्यायचं? या प्रश्नाला वाहिलेली एक संस्था चौदा वर्षांनी पुण्यात उभी राहिली. निमित्त दारूचं नव्हतं, आणि सुरुवातीला समोर आलेले चेहरे नवऱ्यांचे नव्हते, पोरांचे होते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अफगाणिस्तान-पाकिस्तानकडून येणारं हेरॉइन मुंबईत उतरलं आणि पुण्यातही पसरलं. भेसळीच्या त्या तपकिरी पुडीला लोक ब्राउन शुगर म्हणत, बोलीत गर्द. चांदीच्या कागदावर, म्हणजे पन्नीवर, चिमूटभर पूड टाकायची, खालून काडी पेटवायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा. वास नाही, झोकांड्या नाहीत. आईबापांना कळायचं ते घरातली भांडी, घड्याळं, दागिने नाहीसे होऊ लागल्यावर. दारुडा ओळखायला समाज शिकलेला होता. हा विशीच्या आतबाहेरचा, कालपर्यंत वर्गात बसणारा गर्दुल्ला त्याला ओळखता येत नव्हता. 1985 साली अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आला, पण कायद्याला पकडणं माहीत असतं.

डॉक्टरीची पदवी घेऊन पत्रकारितेत आलेले अनिल अवचट तेव्हा या विषयाच्या मागे लागले. अड्डे, पुडी विकणारे, ओढणारी मुलं आणि त्यांची खचलेली घरं यांवर त्यांनी लिहिलं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी ते वाचलं, आणि अशा मुलांसाठी काही उभं करा म्हणून एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. घर त्यांच्याच पगारावर चालायचं, हे अवचटांनी स्वतः मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. 29 ऑगस्ट 1986 रोजी त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं.

पुलंच्या देणगीची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मला त्याहून जागेची गोष्ट महत्त्वाची वाटते. मराठीत 'येरवडा' म्हटलं की एकतर तुरुंग आठवतो, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. दोन्हीकडे दार बाहेरून बंद होतं. त्याच आवारात डॉ. अनितांनी असा वॉर्ड चालवला, जिथे साखळी नाही, मारहाण नाही, आणि रुग्णाची स्वतःची तयारी हाच उपचाराचा पाया. त्याला गुन्हेगार म्हणायचं नाही, बिघडलेलाही म्हणायचं नाही. तो आजारी आहे. आज हे वाक्य प्रत्येक फलकावर असतं. 1986 साली ते घरच्यांच्या गळी उतरवणं हे अर्धं काम होतं, कारण आजाऱ्याशी जसं वागायचं तसं घरातल्या चोराशी कोण वागेल?

पहिले दिवस टर्कीचे. हा शब्द गर्दुल्ल्यांनीच रूढ केला. नशा तुटली की हाडं फुटल्यासारखी दुखतात, नाकडोळे वाहतात, जुलाब होतात, झोप उडते. गर्दच्या टर्कीत माणूस तळमळतो, पण सहसा दगावत नाही. उलट रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून 'कोंडून ठेवा, आपोआप सुटेल' हा घरगुती इलाज धोक्याचा असतो आणि पहिल्या आठवड्यात डॉक्टर जवळ लागतो. त्यानंतरचा काळ मात्र औषधाचा कमी आणि दिनक्रमाचा जास्त. मुक्तांगणचा मुक्काम पस्तीस दिवसांचा. वेळेवर उठणं, व्यायाम, योग, गटात बसून बोलणं, समुपदेशकाशी एकट्याने बोलणं, वाट्याला आलेलं काम. बाहेरून पाहणाऱ्याला हे फारच साधं वाटतं. पण पुडीभोवती फिरणाऱ्या दिवसाला ठरल्या वेळी जेवणाची सवय लावणं किती जड जातं, ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक.

संस्थेने घेतलेला दुसरा मोठा निर्णय माणसांचा होता. इथून बरे झालेलेच पुढे इथले कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. व्यसनी माणूस खोटं बोलण्यात पारंगत असतो. डॉक्टरला, आईला, साहेबाला तो सहज गुंडाळतो. त्याच वाटेने गेलेल्याला गुंडाळता येत नाही. शिवाय समोर बसलेल्या माणसाने नशा सोडलेली असते, म्हणजे ती सुटते, हा पुरावा कुठल्याही व्याख्यानापेक्षा लवकर पटतो. अवचट तिथे सगळ्यांचे 'बाबा' झाले. बासरी, ओरिगामी, लाकडातली शिल्पं हे त्यांचे छंदही त्यांच्याबरोबर तिथे पोचले.

10 फेब्रुवारी 1997 रोजी डॉ. अनिता कर्करोगाने गेल्या. संस्थापकाच्या मागे संस्था टिकते का, हा प्रश्न मुक्तांगणपुढे अवघ्या अकराव्या वर्षी उभा राहिला. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी कारभार हाती घेतला. पुढे स्वतःची इमारत झाली, रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट, व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग झाला. 27 जानेवारी 2022 रोजी अनिल अवचटही गेले. संस्था चालू आहे.

पस्तीस या आकड्याने मात्र एक गैरसमज पसरवला. गाडी गॅरेजला टाकावी तसं लोक पोराला केंद्रात टाकतात आणि पस्तिसाव्या दिवशी दुरुस्त होऊन मिळेल म्हणून वाट बघतात. प्रत्यक्षात खरी परीक्षा छत्तिसाव्या दिवशी, घरच्या नाक्यावर सुरू होते. तिथे 'स्लिप' होते, म्हणजे एकदा हात परत जातो. तिची पुन्हा पूर्ण घसरण व्हायची नसेल तर स्लिप सांगायला जागा लागते, न ओरडता ऐकणारं माणूस लागतं. म्हणून पाठपुरावा हा उपचाराचा शेवटचा भाग मानला जात नाही. मला तर तोच मुख्य भाग वाटतो.

आता पोरांकडे वळू. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत एक विचित्र गोष्ट दिसली. हुंगण्याचे पदार्थ सोडून बाकी प्रत्येक नशेत मोठी माणसं पुढे. हुंगण्यात मात्र दहा ते सतरा वयाची मुलं पुढे, 1.17 टक्के, मोठ्यांत ते प्रमाण 0.58. मदतीची गरज असलेली अशी मुलं अंदाजे 4.6 लाख. पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर, म्हणजे किराण्याच्या आणि सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तू. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाला नशा पुरवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पंक्चरवाल्याला ते कलम कसं लावणार?

आणि मुक्तांगणचा पाया जी 'स्वतःची तयारी', ती पंधरा वर्षांच्या मुलाकडे कुठून येणार? त्याला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. आईबाप त्याला मामाकडे जायचं म्हणून गाडीत बसवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अठराच्या आतल्यांसाठी वेगळी वाट आखली आहे. मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, पालक किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने पूर्ण मुक्काम सोबत राहायचं, बहात्तर तासांत या कायद्याखालच्या मंडळाला कळवायचं. कायदा शहाणा आहे. पण मजुरी बुडवून महिनाभर मुलाजवळ राहील असा बाप किती घरांत आहे?

या अडचणीतून निघालेली एक चुकीची वाट अमेरिकेने चालून दाखवली आहे. 1958 साली कॅलिफोर्नियात सिनानॉन नावाची वस्ती सुरू झाली. तिथेही व्यसनीच व्यसन्याला सावरत होते, म्हणजे बीज मुक्तांगणचंच. पण तिथे गोल बसून एकाला घेरायचं, त्याच्यावर आरडाओरडा करून त्याला मोडायचं, हाच उपचार ठरला. पुढे ती पद्धत किशोरांच्या खासगी निवासी शाळांत शिरली. पालकांनी पैसे मोजले, भाड्याची माणसं रात्री मुलांना अंथरुणातून उचलून न्यायची. या शाळांतून मोठी झालेली मुलं अनेक वर्षं बोलत राहिली, तेव्हा कुठे डिसेंबर 2024 मध्ये अशा संस्थांतल्या छळाविरुद्ध तिथे केंद्रीय कायदा झाला. आपल्याकडेही दोरखंड आणि काठी यांवर चालणाऱ्या तथाकथित व्यसनमुक्ती केंद्रांच्या बातम्या येतातच. सारखंच बीज असून दोन ठिकाणी दोन फळं का धरली? माझ्या मते फरक चांगल्या-वाईट माणसांचा थोडा आणि दाराचा जास्त. आतल्या मुलाला बाहेर निरोप धाडता येतो का, भेटीला आलेल्या आईशी एकटं बोलता येतं का, एवढं विचारलं तरी केंद्राची पारख होते.

आता पुन्हा सारंगखेड्याकडे येऊ. इथून पुणे चारशेच्या वर किलोमीटर. दोंडाईचा, धुळे, नाशिक करत तिथवर जाणं एकदा जमतं. दर पंधरा दिवसांनी पाठपुराव्याला जाणं जमत नाही. त्यात हा दारूबंदी असलेल्या गुजरातला लागून असलेला जिल्हा. सीमेच्या अलीकडे दुकान आणि पलीकडे बंदी, अशा पट्ट्यात बाटलीची ने-आण हाच एक धंदा होऊन बसतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबाप निघून जातात, तेव्हा चौदा-पंधराचा मुलगा एकतर त्यांच्याबरोबर जातो नाहीतर आश्रमशाळेत राहतो. जिल्ह्यातल्या कितीतरी किशोरवयीनांच्या दृष्टीने निवासी संस्था म्हणजे आश्रमशाळाच. दत्तजयंतीला इथे तापीकाठी घोडेबाजार भरतो, महिनाभर माणसांचा आणि पैशांचा पूर येतो. पस्तीस दिवस राहून नुकतंच परतलेलं पोर त्या गर्दीत सोडायचं का, हा घरच्यांपुढचा खरा प्रश्न.

पुण्याची भाषाही इथे जशीच्या तशी चालत नाही. भिल्ल आणि पावरा घरांत मोहाची दारू देवाला चढते, लग्नात आणि मरणात तिला मान असतो. 'दारू वाईट' एवढंच वर्गात सांगणाऱ्याने मुलाच्या आजोबांना वाईट ठरवलेलं असतं, आणि मुलगा ऐकायचं थांबतो. देवापुढचे दोन थेंब आणि रोज संध्याकाळची बाटली यांतला फरक त्याच्या घरातलं माणूसच सांगू शकतं. मडकी फोडणाऱ्या त्या बायकांना हा फरक कळत नसेल असं मला वाटत नाही.

दहा ते अठरा वयाच्या मुलांमध्ये समवयस्कांच्या मदतीने काम करण्याची तरतूद केंद्र सरकारच्या नशामुक्तीच्या योजनेत आहे. मुलं घरी किंवा शाळेतच राहतात, त्यांना उचलून कुठे नेत नाहीत. ही योजना सारंगखेडा, शहादा, तळोदा, धडगावपर्यंत आणायची तर इमारतीसाठी थांबायची गरज नाही. भिलोरी, पावरी, अहिराणी, गुजरी बोलणारी आणि स्वतः त्यातून बाहेर आलेली पंचविशीतली पोरं मात्र आधी शोधावी लागतील. गेल्या चाळीस वर्षांत मुक्तांगणसारख्या संस्थांमध्ये खानदेशातून जे राहून गेले, त्यांच्यात ती सापडण्यासारखी आहेत. त्यांची तयारी असेल, तर विचारायला सुरुवात तिथून करता येईल.