पामरसाहेबाचे दोन संसार

१८०० साली नाना फडणीस वारले. मराठी राज्यातले शहाणपण आणि नेमस्तपणा त्यांच्याबरोबर गेला, असे कळविणारा पुण्याचा इंग्रज रेसिडेंट विल्यम पामर आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या घरात मात्र आपण सहसा डोकावलेलो नाही.

साहेबाच्या लग्नांचा शोध घ्यावयाचा, म्हणजे प्रथम चर्चच्या नोंदवह्या पाहावयाच्या, अशी वहिवाट आहे. कंपनीचे पाद्री बारसे, लग्न व दफन यांच्या नोंदी ठेवीत. त्यांच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. परंतु वही ज्या कामासाठी घातलेली असते, तेवढेच ती सांगते. मुसलमानी रीतीने झालेला निकाह पाद्र्याच्या वहीत चढण्याचे कारणच नव्हते.

पामरचे पहिले लग्न वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटावर सारा हेझेल हिच्याशी झाले. पुढे तो हिंदुस्थानात आला आणि लखनौस फैजबक्ष या मुसलमान स्त्रीशी त्याचा संसार जमला. याची साक्ष वहीत नसली, तरी एका चित्रात आहे. १७८५ च्या सुमाराचे ते अपुरे चित्र पाहावे: पामर, त्याच्याशेजारी फैजबक्ष आणि भोवती मुले. लपविण्याजोगे नाते कोणी असे चितारून घेत नाही.

दुसरी साक्ष मृत्युपत्राची. तीत पामर फैजबक्षचा उल्लेख बेगम या मानाच्या पदवीने करतो आणि ३५ वर्षांहून अधिक काळची प्रेमळ सोबतीण म्हणतो. पत्नी म्हणत नाही. येथे घाई करू नये. इंग्रजी कायद्यास एका वेळी एकच पत्नी मान्य होती, आणि १८५७ पर्यंत पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट मिळविण्यास पार्लमेंटात स्वतंत्र कायदाच करून घ्यावा लागे. तेव्हा त्या कागदातला शब्द कायद्याच्या भीतीने तोललेला आहे, असे आम्हांस वाटते. तो मनाचे माप नव्हे.

एवढ्यावरून निकाह झालाच, असे आम्ही म्हणणार नाही. पण वहीत नाव नाही म्हणून तिला रखेल म्हणून मोकळे होणे हाही न्याय नव्हे. तिचाच मुलगा विल्यम याने पुढे हैदराबादेस पेढी काढून निजामाच्या सरकारास कर्जे दिली. मुलाचे नाव राज्यकारभाराच्या दप्तरात पानोपानी येते. आईचे नाव शोधण्यासाठी मात्र चित्र आणि मृत्युपत्र शेजारी शेजारी मांडावे लागते. हे कष्ट इतिहासकाराने घेतलेच पाहिजेत.