नरहर कुरुंदकर : समीक्षा आणि समाजचिंतन यांतील एकसूत्रता

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी समीक्षेचा विचार नरहर अंबादास कुरुंदकर (१९३२-१९८२) यांना वगळून पूर्ण होत नाही. मात्र त्यांचा उल्लेख सामान्यतः दोन वेगळ्या संदर्भांत केला जातो. साहित्याचे अभ्यासक त्यांना 'रूपवेध' आणि 'धार आणि काठ' या ग्रंथांचे कर्ते म्हणून ओळखतात, तर सामाजिक व राजकीय विचारांचे वाचक त्यांना 'जागर' आणि 'शिवरात्र' यांचे लेखक मानतात. जणू एकाच नावाचे दोन लेखक होऊन गेले, अशी ही विभागणी आहे. वस्तुतः कुरुंदकरांची साहित्यसमीक्षा आणि त्यांचे समाजचिंतन यांमागील विचारपद्धती एकच आहे. कोणतीही कृती, ग्रंथ, व्यक्ती वा संस्था तिच्या काळाच्या चौकटीत ठेवून समजून घ्यावयाची आणि समजून घेतल्यानंतर तिची परखड चिकित्सा करावयाची, ही ती पद्धती होय. ही पद्धती कोठे घडली आणि कोणत्या माध्यमांतून वाचकांपर्यंत पोहोचली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निजामी राजवटीतील जडणघडण

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी तत्कालीन परभणी जिल्ह्यात झाला. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे त्यांच्या घराण्याचे गाव आज हिंगोली जिल्ह्यात मोडते. त्या वेळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठीभाषक जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाची राजभाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेवण्यात आले होते. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला इंग्रजी आणि मराठी या दोन भाषांच्या ताणातून जावे लागे. मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या वाट्याला उर्दू धरून तीन भाषांचा व्यवहार येई. कळंब परिसरातील जुन्या पिढीने दप्तरी उर्दू आणि घरची मराठी यांतील हे अंतर प्रत्यक्ष अनुभवले होते.

या परिस्थितीचा दुष्परिणाम उघड आहे. मराठीतून ज्ञान मिळविण्याची वाट अरुंद झाली आणि ग्रंथालये, नियतकालिके, प्रकाशनसंस्था यांची वाढ खुंटली. परंतु तिचा दुसरा परिणामही लक्षात घ्यावयास हवा. सत्ता, धर्म आणि भाषा यांचे परस्परसंबंध या प्रदेशातील संवेदनशील मुलाला पुस्तकातून शिकावे लागत नव्हते. ते त्याच्या भोवतीच घडत होते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात झालेल्या पोलिस कारवाईने संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले, तेव्हा कुरुंदकर सोळा वर्षांचे होते. त्यांच्या वैचारिक आयुष्याचा आरंभ असा एका राजवटीच्या अस्ताच्या साक्षीने झाला. पुढे 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' या पुस्तकात त्यांनी या पर्वाचे विश्लेषण केले. या संघर्षाला हिंदू-मुसलमान संघर्ष एवढेच रूप देणे त्यांना अपुरे वाटत होते. सरंजामी सत्ता, लोकशाहीची आकांक्षा आणि धार्मिक राजकारण यांची गुंतागुंत उलगडण्याकडे त्यांचा कल होता.

त्यांच्या वाङ्मयीन घडणीत मामांचा, डॉ. ना. गो. नांदापूरकर यांचा, वाटा मोठा होता. नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास करणारा 'मुक्त-मयुरांची भारते' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. हैदराबाद येथे शिकत असताना कुरुंदकरांना त्यांचा सहवास लाभला. महाभारताविषयीची जी आस्था पुढे 'व्यासांचे शिल्प' या संग्रहातील लेखांत दिसते, तिचे एक मूळ येथे असावे.

पदवीविना विद्वत्ता

कुरुंदकरांचे औपचारिक शिक्षण सरळ रेषेत झाले नाही. वाचन अफाट असूनही इंटरच्या परीक्षेत त्यांना अपयश आले. नांदेडच्या प्रतिभा निकेतन विद्यालयात त्यांनी शालेय शिक्षक म्हणून काम केले आणि नोकरी सांभाळून पुढील पदव्या मिळविल्या. १९६३ पासून ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजमध्ये मराठीचे अध्यापन करू लागले आणि अखेरच्या वर्षांत त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या महाविद्यालयाचा स्वातंत्र्यलढ्याशी असलेला संबंध ध्यानात घेतला, तर कुरुंदकरांना ते केवळ नोकरीचे ठिकाण का वाटले नसेल हे समजते.

त्यांचा 'रिचर्ड्‌सची कलामीमांसा' हा ग्रंथ १९६३ सालचा आहे. महाविद्यालयीन अध्यापनाच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि तोपर्यंत शाळेत शिकविणाऱ्या एका शिक्षकाने आय. ए. रिचर्ड्‌स यांच्यासारख्या केंब्रिजच्या मीमांसकाशी मराठीतून वाद मांडावा, ही घटना मराठी समीक्षेच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

समीक्षक कुरुंदकर

रिचर्ड्‌स यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मूलभूत ग्रंथात सौंदर्यानुभव नावाचा स्वतंत्र, इतर अनुभवांहून जातीनेच वेगळा असा अनुभव मानण्यास नकार दिला होता. कलेचा अनुभव हा आपल्या नित्याच्या अनुभवांचीच अधिक संपन्न व संतुलित रचना असतो, अशी त्यांची भूमिका होती. कुरुंदकरांना या विचाराचे आकर्षण का वाटले, याचे उत्तर तत्कालीन मराठी समीक्षेत आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने लयतत्त्व आणि कलाकृतीची रचना यांना केंद्रस्थान दिले होते आणि त्यांच्या प्रभावाने कलेच्या स्वायत्ततेचा विचार प्रतिष्ठित झाला होता. कुरुंदकरांनी रचनेचे महत्त्व नाकारले नाही. तथापि रचना ज्या जीवनानुभवाला आकार देते, त्यापासून ती तोडून तपासता येत नाही, हा त्यांच्या विचाराचा रोख राहिला. मात्र त्यांनी रिचर्ड्‌स यांचा अनुयायी होणे पत्करले नाही. आधी प्रतिपक्षाची भूमिका तिच्या संपूर्ण बळानिशी मांडावयाची आणि मगच तिच्या उणिवांकडे वळावयाचे, ही त्यांची रीत या पहिल्या ग्रंथापासूनच दिसते.

हीच रीत त्यांनी संस्कृत काव्यशास्त्राला लावली. भरताचे नाट्यशास्त्र हा त्यांच्या आयुष्यभराच्या चिंतनाचा विषय होता. नाट्यशास्त्रातील रसविचार प्रत्यक्ष प्रयोगाच्या, नटाच्या आणि रंगमंचाच्या संदर्भात आलेला आहे. अभिनवगुप्तांनी त्याला दिलेला अर्थ अनेक शतकांनंतरचा असून त्यामागे काश्मीरच्या शैव तत्त्वज्ञानाची पार्श्वभूमी आहे. हे दोन्ही अर्थ आपापल्या जागी मोलाचे आहेत. पण भाष्यकाराचा अर्थ मूळ ग्रंथकारावर लादणे कुरुंदकरांना मान्य नव्हते. परंपरेत विकास होतो, खंड पडतो, अर्थ बदलतात, ही ऐतिहासिक दृष्टी त्यांनी काव्यशास्त्रासारख्या स्थिर मानल्या गेलेल्या क्षेत्रात आणली.

'धार आणि काठ' (१९७१) या पुस्तकात त्यांनी मराठी कादंबरीच्या वाटचालीचा आढावा घेतला. येथेही साहित्यकृती आणि तिच्यामागील समाज यांचा संबंध हाच विवेचनाचा कणा आहे.

प्रस्तावना, नियतकालिके आणि व्यासपीठ

समीक्षा सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचविण्याच्या वाटा भाषेभाषेत निराळ्या असतात. मल्याळममध्ये प्रा. एम. कृष्णन नायर यांनी 'साहित्य वारफलम' हे साप्ताहिक सदर १९६९ पासून २००६ मधील आपल्या निधनापर्यंत चालविले आणि जागतिक साहित्याची चर्चा केरळच्या घराघरांत नेली. कुरुंदकरांचे माध्यम असे एका सदरापुरते नव्हते. 'साधना' साप्ताहिक, दिवाळी अंक, गावोगावची व्याख्याने आणि इतरांच्या पुस्तकांना लिहिलेल्या प्रस्तावना यांतून त्यांचे लेखन विखुरलेले आहे. मात्र विद्यापीठाबाहेरील वाचकाला कठीण विषय समजू शकतो, हा विश्वास दोघांतही समान होता.

या प्रस्तावनांत रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीची प्रस्तावना विशेष महत्त्वाची आहे. पत्ररूपाने लिहिलेली ही दीर्घ प्रस्तावना पुढे स्वतंत्र पुस्तकरूपानेही वाचली गेली. शिवाजी महाराजांचे थोरपण केवळ रोमहर्षक प्रसंगांत शोधणे कुरुंदकरांना अपुरे वाटले. त्यांनी लक्ष वेधले ते महाराजांच्या मृत्यूनंतरच्या काळाकडे. १६८० मध्ये महाराजांचे निधन झाले. औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच अडकून पडला. संभाजी महाराजांची हत्या झाली, राजधानी पडली, तरीही लोक लढत राहिले. राजा नसतानाही प्रजा जे राज्य आपले मानून लढते, त्या राज्याच्या संस्थापकाने प्रजेशी कोणते नाते जोडले असेल, असा प्रश्न या विवेचनातून उभा राहतो. चमत्कार आणि अवतार यांच्या परिभाषेत अडकलेली चर्चा येथे राज्यकारभार, रयत आणि न्याय यांच्या भूमीवर येते. महाराजांचे मोठेपण त्यामुळे उणावत नाही. उलट ते समजण्याजोगे होते.

'जागर' (१९६९) आणि 'शिवरात्र' (१९७०) या संग्रहांत हीच चिकित्सा समकालीन राजकारणाकडे वळते. कुरुंदकर समाजवादी होते, नास्तिक होते. पण आपल्या पक्षाच्या माणसांचीही त्यांनी गय केली नाही. सेक्युलॅरिझम म्हणजे सर्व धर्मांची सारखीच भलावण, हा सोयीचा अर्थ त्यांनी नाकारला आणि धर्माच्या बंधनातून नागरिकाला मोकळे करणारी राज्यव्यवस्था हा अर्थ पुढे ठेवला. त्यामुळे हिंदुत्ववादी आणि मुस्लिम जमातवादी हे दोघेही त्यांच्या टीकेचे विषय झाले. मनुस्मृतीवरील विवेचनातही सोयीची वचने निवडून ग्रंथाचे समर्थन करण्याचा मार्ग त्यांनी रोखून धरला आणि संपूर्ण ग्रंथाची समाजरचना डोळ्यांसमोर ठेवून त्यातील विषमतेचा विचार केला. भरत आणि अभिनवगुप्त यांच्यात फरक करणारी दृष्टी ती हीच.

मर्यादा

कुरुंदकरांच्या लेखनाच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. ते मूळ कागदपत्रांत वावरणारे इतिहाससंशोधक नव्हते. इतरांनी सिद्ध केलेल्या साधनांचा अन्वयार्थ लावणे हे त्यांचे बलस्थान होते, आणि त्या साधनांत बदल झाल्यास त्यांचे काही निष्कर्षही पुन्हा तपासावे लागतील. त्यांचे बरेच लेखन निमित्ताने झालेले वा भाषणातून आलेले असल्यामुळे त्यात पुनरुक्ती आढळते. वक्त्याला शोभणारी ठाम विधाने कधी कधी पुराव्याच्या पुढे जातात. आपल्या सौंदर्यविचाराची एकसंध, पद्धतशीर मांडणी करण्यास त्यांना अवधी मिळाला नाही. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे एका कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांनी वयाची पन्नाशीही पूर्ण केली नव्हती. त्यांची अनेक पुस्तके मरणोत्तर संकलित झाली असून विनोद शिरसाठ यांनी संपादित केलेल्या 'निवडक नरहर कुरुंदकर' या खंडांमुळे नव्या वाचकांना त्यांच्याकडे जाण्याची वाट सुलभ झाली आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, कुरुंदकरांनी साहित्याला समाजशास्त्राचे परिशिष्ट केले नाही आणि समाजचिंतनाला ललित रूप देऊन त्याची धारही बोथट केली नाही. दोन्ही क्षेत्रांत त्यांनी एकच शिस्त पाळली : श्रद्धेने झाकू नये, द्वेषाने विकृत करू नये, संदर्भ सोडून बोलू नये.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीचा आणखी एक अर्थ आहे. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने अध्यापकांच्या शैक्षणिक कामाचे गुणांकन सुरू केले. इंटरला अडखळलेला विद्यार्थी, शालेय शिक्षकाची नोकरी, साप्ताहिकांतील लेख, एका कादंबरीला लिहिलेले पत्र, तालुक्याच्या गावी दिलेली व्याख्याने : अशा मोजपट्टीवर यांतील फारच थोड्या गोष्टींना गुण मिळाले असते. तरीही पुण्या-मुंबईपासून दूर, नांदेडसारख्या ठिकाणी राहून याच साधनांच्या बळावर त्यांनी मराठवाड्यातील दोन पिढ्यांना विचार करण्याची सवय लावली. वर्गाबाहेरचा समाज हाही अध्यापकाचाच वर्ग असतो, ही जाणीव त्यांच्या आयुष्याने दिली. ग्रामीण भागातील महाविद्यालयांनी कुरुंदकरांचा वारसा सांगताना त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालांइतकेच या जाणिवेलाही स्थान द्यावयास हवे.