प्रवासासाठी छोटा मिररलेस कॅमेरा आणि लेन्स: पहिल्यांदा घेताना काय बघायचं?

नोकरी लागली, दोन-चार पगार हातात आले की अनेकांच्या मनात येतं, आता एक चांगला कॅमेरा घ्यायचा. मी विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहतो. सुट्टीच्या दिवशी कधी वसईचा किल्ला, कधी अर्नाळा, कधी तुंगारेश्वर, असं फिरणं चालू असतं. किट लेन्ससकट कॅमेरा म्हणजे पाऊण लाखाच्या आसपासची खरेदी, आणि बऱ्याच जणांसाठी ती वर्षभराच्या ईएमआयवर होते. म्हणून घाई न करता एकेक मुद्दा समजून घेऊ.

मिररलेस म्हणजे काय?

जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून व्ह्यूफाइंडरमध्ये जायचा. मिररलेसमध्ये हा आरसाच नाही. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि चित्र स्क्रीनवर किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. आरशाची जागा वाचली, त्यामुळे बॉडी पातळ आणि हलकी झाली. पॅनासॉनिकने २००८ मध्ये ल्युमिक्स जी१ आणला, तिथून हा प्रकार सुरू झाला. शिवाय फोटो उजळ येणार की काळपट, हे बटण दाबायच्या आधीच दिसतं. शिकणाऱ्यासाठी हा मोठा फायदा आहे.

आधी विचारा: फोन पुरेसा नाही का?

गॅलरी उघडा आणि गेल्या वर्षभरातले फोटो बघा. बहुतेक फोटो भर उन्हातले आणि फक्त व्हॉट्सॲप स्टेटससाठी असतील तर कॅमेरा घेऊ नका. संध्याकाळचे फोटो चिखल झाल्यासारखे येतात, लांबचा पक्षी ठिपक्याएवढा दिसतो किंवा मोठी प्रिंट काढायची आहे, अशी अडचण असेल तरच पुढे वाचा.

सेन्सर किती मोठा?

- फुल फ्रेम: ३६ × २४ मिमी
- एपीएस-सी: साधारण २३.५ × १५.६ मिमी (कॅननचा थोडा लहान)
- मायक्रो फोर थर्ड्स: १७.३ × १३ मिमी

चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरपेक्षा एपीएस-सीचं क्षेत्रफळ साधारण पाच ते सात पट असतं. फुल फ्रेम त्याहून मोठा, पण वजनही तसंच. सोनी ए७ ४ आणि २४-७० मिमी एफ/२.८ जीएम २ लेन्स मिळून १,३५० ग्रॅमच्या आसपास जातात. सोनी ए६४०० (४०३ ग्रॅम) आणि सिग्मा १८-५० मिमी एफ/२.८ (२९० ग्रॅम) मिळून होतात ६९३ ग्रॅम, म्हणजे जवळपास निम्मं. विरार लोकलमध्ये बॅग छातीशी धरून उभं राहिलात की या फरकाची किंमत कळते. जो कॅमेरा जड म्हणून घरी राहतो, तो कितीही भारी असला तरी उपयोग शून्य. प्रवासासाठी माझं मत एपीएस-सीला.

बॉडी निवडताना

- व्ह्यूफाइंडर: अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दुपारी स्क्रीनवर काहीच धड दिसत नाही, तिथे डोळा लावून बघायची सोय लागते. ती कॅनन आर५० (३७५ ग्रॅम), सोनी ए६४०० आणि निकॉन झेड५० मध्ये आहे. निकॉन झेड३०, सोनी झेडव्ही-ई१० आणि फुजीफिल्म एक्स-एम५ मध्ये नाही. हे मॉडेल व्हिडिओ करणाऱ्यांना जास्त सोयीचे.
- बॉडीतलं स्टॅबिलायझेशन: हात हलला तर सेन्सर स्वतः हलून तो धक्का भरून काढतो. वर सांगितलेल्या सहाही मॉडेल्समध्ये हे नाही. सोनी ए६७०० आणि फुजीफिल्म एक्स-एस२० मध्ये आहे, पण वजन ४९० ग्रॅमच्या पुढे आणि किंमतही चढी.
- मेगापिक्सेल: २० ते २६ भरपूर झाले. यासाठी जास्त पैसे देऊ नका.

लेन्स: खरा पैसा इथे घाला

एपीएस-सीवर लेन्सच्या आकड्याला १.५ ने गुणा (कॅननला १.६ ने). १८ मिमी म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात २७ मिमी, साधारण फोनच्या १एक्स इतकं.

१. किट झूम: सोनी १६-५० मिमी (११६ ग्रॅम), कॅनन १८-४५ मिमी (१३० ग्रॅम). हलकी, स्वस्त आणि दिवसा उत्तम. अंधार पडला की अडखळते.

२. लांब पल्ल्याची झूम: सोनी १८-१३५, कॅनन १८-१५०, निकॉन १८-१४० मिमी. वजन ३०० ग्रॅमच्या थोडं वर. लेन्स न बदलता किल्ल्याची तटबंदीही मिळते आणि लांबची होडीही. समुद्रावर वाळू उडत असताना लेन्स बदलावी लागत नाही, हे मोठं सुख.

३. मोठ्या ॲपर्चरची झूम: सिग्मा १८-५० मिमी एफ/२.८. संध्याकाळच्या बाजारात ५० मिमीवर १/६० सेकंद शटर ठेवलं आणि किट लेन्सला एफ/५.६ वर आयएसओ ६४०० लागला, तर या लेन्सला एफ/२.८ वर १६०० पुरतो. म्हणजे चौपट प्रकाश आणि कमी दाणेदार फोटो. मात्र हिच्यात स्टॅबिलायझेशन नाही.

एक गैरसमज काढून टाका. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, समोरचा चालता माणूस नाही. वसई किल्ल्यातल्या अंधाऱ्या जिन्याच्या दगडी भिंतीसाठी ते कामाचं. जिन्यावरून उतरणाऱ्या मित्रासाठी मोठं ॲपर्चरच हवं. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि अशा स्मारकांत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, म्हणून हातात धरूनच फोटो काढायचे आहेत असं समजून लेन्स निवडा.

मग घ्यायचं काय?

- बजेट घट्ट: आर५० आणि किट लेन्स. सहा महिने वापरा, मग दुसरी लेन्स ठरवा.
- भटकंती आणि निसर्ग जास्त: तुमच्या बॉडीला बसणारी १८-१३५ किंवा १८-१५० प्रकारची एकच लेन्स.
- माणसं, सण, संध्याकाळ: ए६४०० आणि सिग्मा १८-५०.

बुरशी: आपल्याकडचा खरा शत्रू

माझी पहिली लेन्स अशीच गेली. पावसाळ्यात फोटो काढायला जमत नव्हतं, म्हणून जूनमध्ये रेक्झिनच्या बॅगेत घालून कपाटात ठेवली. गणपतीत काढून बघतो तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. साफ करायचा खर्च लेन्सच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत सांगितला. चूक माझीच होती. बंद, अंधारी, दमट जागा बुरशीला हवीच असते, आणि आपण राहतो समुद्राच्या पट्ट्यात.

उपाय स्वस्त आहे: हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. अर्नाळा किल्ल्याच्या बोटीतून आलात की खारं पाणी किंचित ओल्या कपड्याने पुसा, कोरडं करा, मगच आत ठेवा. डबा, सिलिका जेल, जादा बॅटरी आणि मेमरी कार्ड यांचे पैसे सुरुवातीलाच बजेटमध्ये धरा.

पैसे देण्याआधी

- पक्कं जीएसटी बिल आणि कंपनीची भारतातली वॉरंटी तपासा. खूपच स्वस्त मिळत असेल तर माल बाहेरून आलेला असू शकतो, मग दुरुस्तीला हात वर होतात.
- जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत बघा. धागे किंवा धुकं दिसलं तर सोडून द्या.
- शक्य असेल तर शनिवार-रविवारसाठी तोच सेट भाड्याने घ्या. जीवदानीच्या पायऱ्या गळ्यात कॅमेरा घालून चढून बघा. वर पोचेपर्यंत मान दुखली आणि कॅमेरा बॅगेत गेला, तर तो सेट तुमच्यासाठी नाही. पाऊण लाख वाचले समजा.